मार्गेटची लुसी हत्तीण: तिला झालं काय होतं? आणि आई-बाबांना न्यावं का?

मधुरा_एडिसन

नमस्कार मंडळी,

२०२२ च्या ऑगस्टमध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (इथल्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या) अधिवेशनाला न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत आलेले बरेच जण इथे असतील. आम्हीही होतो. एका दुपारी परिसंवादाला दांडी मारून नवरा, लेक आणि मी गाडी काढून मार्गेटला गेलो, जेमतेम पाच मैल. लेकीच्या वर्गातल्या कुणीतरी सांगितलं होतं की तिथे समुद्राकाठी लाकूड-पत्र्याची सहा मजली हत्तीण आहे आणि तिच्या पोटात जाता येतं. गेलो तर चहूकडून परांची, सगळं झाकलेलं, आणि आत हत्तीण आहे हे आपलं मानून घ्यायचं. लेक जी भोकाड पसरून रडली, ती संध्याकाळच्या गाण्याच्या कार्यक्रमापर्यंत फुरंगटलेली होती.

आता दुरुस्ती होऊन हत्तीण पुन्हा उघडली आहे. माझे आई-बाबा सांगलीहून येत आहेत, तेव्हा त्यांना घेऊन जायचा विचार आहे. बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त. फोनवर त्यांना फोटो पाठवला तर पहिला प्रश्न: "लाकूड आणि पत्रा, तोही समुद्राच्या तोंडावर, एकशे चाळीस वर्षं टिकलाच कसा? थापा असतील." मला उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न तीन. हे प्रकरण मुळात कुणी, कशाला बांधलं? दुरुस्ती नक्की कसली चालली होती? आणि आईचे गुडघे दुखतात, तिला वर चढवेल का? जाणकारांनी सांगावं.

चेरीहिलकर

न्याच. खालून बघायला पैसे पडत नाहीत, आत जायचं तर तिकीट आणि सोबत माहिती सांगणारा माणूस असतो. पोरं खूश होतात. शेपटीखाली एक खिडकी आहे, ती शोधायला लावा, अर्धा तास शांतता मिळेल.

बाकी पत्र्याबद्दल बोलायला आपले गोदीवाला काका हवेत. काका, कुठे आहात?

गोदीवाला

हा काय, इथेच आहे. मधुराताई, बोलावलंच आहे तर जरा लांबण लावतो.

मी मुंबईच्या गोदीत पत्र्याच्या खात्यात आयुष्य काढलं. केबिनच्या भिंती, हवेच्या नळ्या, टाक्या, जे जे पातळ पत्र्याचं ते आमच्याकडे यायचं. निवृत्तीनंतर लेक-जावयाकडे साउथ जर्सीत असतो. समुद्र जवळ, त्यामुळे लुसीकडे पाय वळतात. लोक तिचे फोटो काढतात, मी शिवणी बघत उभा राहतो. जावई थोडा लांब जाऊन थांबतो.

तुमच्या बाबांना सांगा, शंका रास्त आहे. ती टिकावी म्हणून कुणी बांधलीच नव्हती. प्लॉट विकायला बांधली होती.

जेम्स लॅफर्टी नावाचा फिलाडेल्फियाचा गृहस्थ. अटलांटिक सिटीच्या दक्षिणेला त्याने जमिनी घेऊन ठेवल्या होत्या. त्या भागाला तेव्हा साउथ अटलांटिक सिटी म्हणत, मार्गेट हे नाव १९०९ चं. जमिनी म्हणजे काय, वाळू, झुडपं आणि भरतीला पाणी शिरून तुटणारी खाजणं. गिऱ्हाईक फिरकेना. मग याने १८८१ मध्ये हत्ती उभा केला. लोक हत्ती बघायला येणार, हा त्यांना पोटातून वर अंबारीत नेणार आणि तिथून बोट दाखवून सांगणार, तो बघा तुमचा प्लॉट, तो बघा समुद्र. आणि खरोखर तसंच करायचा. सर्कसवाल्या बार्नमने लंडनहून जम्बो हत्ती अमेरिकेत आणला तो १८८२ मध्ये, म्हणजे देशात हत्तीचं वेड पसरायच्या आधी वर्षभर हा हत्ती तयार. धंद्याची नजर म्हणतात ती अशी.

आराखडा विल्यम फ्री या वास्तुरचनाकाराचा. उंची ६५ फूट, लांबी ६० फूट, वजन ९० टन. २०० पिंपं खिळे, ४ टन बोल्ट आणि लोखंडी सळया, वरून १२,००० चौरस फूट पत्रा. लाकडाचे जवळजवळ १० लाख तुकडे सांगतात. मोजले कुणी, देव जाणे. खर्चाचे आकडे २५ हजार डॉलरपासून ३८ हजारांपर्यंत ऐकू येतात. बिल्डरचा खर्च तेव्हाही असाच लवचिक असावा.

लॅफर्टीने याचं पेटंटही घेतलं, ५ डिसेंबर १८८२, क्रमांक २,६८,५०३, सतरा वर्षांसाठी. प्राण्याच्या आकाराची इमारत ही आपली कल्पना, दुसऱ्या कुणी बांधायची नाही. हत्तीच कशाला, मासा किंवा पक्षी चालेल, असंही त्यात लिहून ठेवलं आहे. मला त्यातली सोंड फार आवडते. सोंड खाली पाण्याच्या द्रोणीत सोडलेली दिसते, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं हत्ती खातोय-पितोय. पेटंटात मात्र त्या सोंडेतून घरातलं सांडपाणी आणि राख खाली गटारात सोडायची सोय सांगितली आहे. आपला हत्ती सोंडेने पाणी वर घेतो, याचा खाली टाकणार!

एकावर भागलं नाही. १८८४ मध्ये केप मेला एक ४० फुटी हत्ती, आणि न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला एक अवाढव्य, १२२ फूट उंच, ३१ खोल्यांचा. कोनी आयलंडचा आधी हॉटेल, मग म्हणे कुंटणखाना झाला आणि १८९६ मध्ये जळून खाक. केप मेचा १९०० मध्ये पाडला. लॅफर्टी स्वतः तोवर पैशाला मोताद. मार्गेटचा हत्ती त्याने १८८७ मध्येच गर्ट्झेन नावाच्या कुटुंबाला विकून टाकला होता. लुसी हे नाव त्या घरातल्या सुनेने ठेवलं असं सांगतात. आता तिला सुळे आहेत, चांगले २२ फुटी. आशियाई हत्तिणीला असे सुळे नसतात हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल, पण सूनबाईंपुढे बोलणार कोण.

पुढची सत्तरऐंशी वर्षं या बाईने जे जे सोसलं त्याला तोड नाही. १९०२ मध्ये एक इंग्लिश डॉक्टर बायकामुलांसह उन्हाळाभर आत भाड्याने राहिला. चार झोपायच्या खोल्या, जेवणघर, स्वयंपाकघर, आणि बाथरूम कुठे, तर पुढच्या खांद्यात. पुढच्याच वर्षी वादळाने ती गुडघाभर वाळूत रुतली, गावकऱ्यांनी उकरून काढली आणि समुद्रापासून पन्नासेक फूट मागे सरकवली. मग तिच्यात गुत्ता चालला. १९०४ मध्ये बेवड्यांनी कंदील उलथवले आणि ती जळता जळता राहिली. लाकडी पोट, तेलाचे कंदील आणि दारू, सगळं एका जागी. कोनी आयलंडचं जे झालं ते हिचं होऊ नये असं एकही कारण नव्हतं. नशीब.

१९६० च्या दशकापर्यंत पत्रा सुटलेला, आत पाणी, लोकांना आत सोडणं बंद. १९७० च्या सुमाराला गर्ट्झेन कुटुंबाने जमीन बांधकामवाल्यांना विकली आणि हत्तीण गावाला देऊन टाकली. देणगी घ्यायला ठीक, पण ठेवायची कुठे? मुदत दिली तीस दिवसांची. हलवा, नाहीतर पाडतो. गावातल्या मंडळींनी 'लुसी वाचवा' समिती काढली, दारोदार वर्गणी मागितली. हलवायचा दिवस आला तर शेजारच्या जमिनीचे मालक कोर्टात! म्हणणं काय, तर हत्तीण इथे आली की आमच्या जागांचे भाव पडतील. म्हणजे जागांचे भाव चढावेत म्हणून जी बांधली, तिच्यावरच हा आळ. कोर्टाने ते फेटाळलं आणि २० जुलै १९७० ला ९० टनांची हत्तीण चाकांवर चढवून शंभरेक यार्ड लांब, गावाच्या मालकीच्या समुद्रकाठच्या जागेवर नेली. सुमारे सात तास लागले. जे घरी बसून टीव्ही बघत असतील त्यांनी आदल्या वर्षी त्याच तारखेला माणूस चंद्रावर उतरताना पाहिला होता.

१९७४ पासून लोक पुन्हा आत जायला लागले, १९७६ मध्ये सरकारने राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून शिक्का मारला. त्या दुरुस्तीत लाकडी सांगाड्याला आतून पोलादाचा आधार दिला, तो तुमच्या बाबांनी जरूर बघावा. ९० टन चार पायांवर आणि सोंडेवर उभे आहेत आणि समुद्राचा वारा बाजूने ढकलतोय. तिची जुनी अंबारी एका वादळाने उडवूनच नेली होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न, म्हणजे माझ्या आवडीचा.

त्या काळचा टिनचा पत्रा म्हणजे पातळ लोखंडी पत्रा, वर कथलाचा मुलामा. कथील लोखंडाला राखतं, पण थर अखंड आहे तोवर. एक ओरखडा पडला, खिळ्याचं भोक पडलं, की त्या जागी लोखंड उघड्या लोखंडापेक्षाही लवकर खातं. जस्ताचं उलट. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, म्हणून आपल्या कौलारू भागात पडवीवर जस्ताचा पत्रा घालतात. ही हत्तीण तर हजारो खिळ्यांनी ठोकलेली, वर चोवीस तास खारी हवा.

त्यात आकार. पत्रा एका दिशेला हवा तसा वाकतो. नळकांडं करा, शंकू करा, ऐकतो. दोन्ही दिशांना वाकवायचा झाला तर ठोकून ठोकून ताणावा लागतो, नाहीतर कापून तुकडे जोडावे लागतात. हत्तीचं पोट, गंडस्थळ, पुठ्ठे, कानाचं मूळ, एक जागा सरळ नाही. म्हणजे तुकडेच तुकडे आणि प्रत्येक तुकड्याला चहूकडून जोड. पाऊस पडला की कान आणि मान यांच्या बेचक्यात पाणी साठणार, जोडातून आत झिरपणार, मागची फळी फुगणार. फळी फुगली की खिळा सैल, खिळा सैल झाला की जोड आणखी उघडा. हे एकदा सुरू झालं की थांबत नाही.

वरून रंग. दर काही वर्षांनी राखाडी रंगाचा नवा हात मारायचा, लांबून हत्तीण तुकतुकीत. दुरुस्तीच्या आधी मी पाहिली तेव्हा पायाजवळ रंगाला बोटाएवढे फोड आले होते. एक फोड अंगठ्याने हलकेच दाबला तर आत मऊ लागलं. रंगाचे थर एकमेकांना धरून होते, त्यांच्यामागे पत्रा म्हणण्यासारखं थोडंच काही होतं. फोडाच्या खालच्या कडेतून तपकिरी ओघळ नखापर्यंत आलेला, हत्तिणीच्या नखापर्यंत. मी जावयाला म्हटलं, हिला रंग देणं आता पाप आहे.

तज्ज्ञांनी तपासणी केली तेव्हा तेच निघालं. बाहेरच्या पत्र्यापैकी निम्म्याहून जास्त दुरुस्तीच्या पलीकडे. तेव्हा ठिगळं लावण्यापेक्षा सगळी कातडी उतरवून नवीन धातूची चढवायची ठरली. सप्टेंबर २०२१ मध्ये बंद केली, मे २०२२ पर्यंत उघडू म्हणाले, उघडली २८ डिसेंबर २०२२ ला. तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात म्हणजे बाई ऐन शस्त्रक्रियेत होत्या. खर्च २४ लाख डॉलर, सरकारी अनुदानं आणि देणग्या मिळून.

आईंच्या गुडघ्यांबद्दल इथल्या बायका जास्त चांगलं सांगतील.

पेठकर

गोदीवाला, माहिती झकास. पण मला एक कळत नाही. २४ लाख डॉलर, म्हणजे आपले वीस कोटी, एका पत्र्याच्या हत्तीवर? आमच्या पेठेत पेशवाईतले वाडे पावसात बसतायत, त्यांच्या लाकडी खांबांना कुणी तेलाचा हात लावत नाही. आणि ही तर जमीन विकायची जाहिरात होती असं तुम्हीच म्हणता. जाहिरातीला वारसा कसं म्हणायचं?

दुसरं, सगळा पत्रा नवीन, आत पोलाद नवीन, जागा नवीन, अंबारी उडाली म्हणजे तीही नवीन. मग १८८१ चं राहिलं काय? शेपटी?

गोदीवाला

पेठकर, शेपटीचं माहीत करून घेतो.

पत्र्याचं म्हणाल तर मी मालवणकडचा. आमच्या घराची दर वैशाखात शाकारणी व्हायची, फुटकी कौलं काढायची, नवी बसवायची, वासा कुजला तर वासा बदलायचा. आजोबांच्या वेळचं एक कौल त्या छपरावर राहिलं नसेल. घर आजोबांचंच. छप्पर ही बदलायचीच वस्तू असते, पत्रा हे लुसीचं छप्पर आहे, फक्त तिला ते पायापर्यंत आहे. ज्याने तिचा आकार धरून ठेवलाय तो लाकडी सांगाडा, त्या वाकवून बसवलेल्या लाकडी बरगड्या, तिथे १८८१ च्या सुतारांचं काम आहे. मला तर सुतारांचंच कौतुक जास्त. जहाज बांधणाऱ्याला अशा बरगड्या सवयीच्या, पण जहाजाची दोन्ही अंगं सारखी असतात आणि ते पाण्यात तरंगतं. इथे चार पाय, एक वाकडी सोंड, बावीस खिडक्या, आणि तरी मजला सपाट. हे सगळं संगणक नसताना.

वाईट दुरुस्ती काय असते ते मला विचारा. त्याच हत्तिणीवर सिमेंट किंवा फायबर थापून टाकलं असतं तर निम्म्या पैशात काम झालं असतं, दहा वर्षं तुकतुकीत दिसली असती, आणि आत लाकूड कुजून एक दिवस बसली असती. आपल्याकडे जुन्या देवळाच्या दगडावर ऑइल पेंट फासतात, सभामंडपाला चकचकीत फरश्या लावतात, दगडाला श्वास घ्यायला जागा ठेवत नाहीत. तिथे खर्च कमी होतो आणि जीर्णोद्धाराची पाटी मोठी लागते. इथे उलट झालंय. २४ लाख खर्चून हत्तीण दिसते कशी, तर होती तशीच. राखाडी. गिऱ्हाइकाला फरक कळू नये यावर पैसे घालायला छाती लागते. आमच्या गोदीत असं काम साहेबाकडून मंजूर करून घेणं म्हणजे दिव्य असायचं. "दिसणार काय?" हा त्याचा पहिला प्रश्न.

आणि जाहिरात म्हणाल तर होतीच, नाही कुठे म्हणतो? पण लॅफर्टीच्या प्लॉटांचं आज कुणाला पडलंय. तिन्ही हत्तींपैकी हीच उरली. जगात हत्तीच्या पायातून जिना चढून त्याच्या डोळ्यातून बाहेर बघता येईल अशी १८८१ ची इमारत दुसरी दाखवा, मी माझं म्हणणं मागे घेतो. वाड्यांबद्दल तुमचं दुखणं खरं आहे, पण तो राग लुसीवर काढून काय होणार. तिच्यासाठी गावातल्या लोकांनी पदरचे पैसे घातले. तुमच्या पेठेत समिती काढा, वर्गणी मी पाठवतो. खरंच पाठवतो.

एक राहिलं. २०१२ मध्ये सँडी वादळ जमिनीवर आलं ते ब्रिगॅन्टाइनला, मार्गेटहून थोड्याच मैलांवर. लुसी जागची हलली नाही, जुनाच पत्रा अंगावर असताना. २००६ मध्ये सुळ्यांवर वीज पडून टोकं काळी झाली होती, तेवढंच. सांगाड्याबद्दल आणखी पुरावा काय हवा?

स्मिता_व्हॉरहीज

मधुरा, गुडघ्यांचं मी सांगते, सासूबाईंना नेलं होतं.

लिफ्ट नाही. मागच्या पायातून गोल जिना आहे, अरुंद. एका वेळी एकच माणूस, मागे कुणी उभं असलं की वयस्कर माणसं उगाच घाई करतात आणि गडबडतात. म्हणून सासूबाईंना सगळ्यात शेवटी चढवलं, मी त्यांच्या मागे. वर पोहोचल्यावर पोटातली मोठी खोली आहे, तिथे जुने फोटो वगैरे बघत दम घेता येतो. डोळ्यांच्या खिडक्यांतून बाहेर बघता येतं, त्यांना ते फार आवडलं. "हत्तीला एवढंच दिसत असेल होय," म्हणाल्या. तिथून अंबारीत जायला आणखी पायऱ्या, त्या त्यांनी चढल्या नाहीत. मी आणि मुलगा जाऊन आलो. एका बाजूला समुद्र, उत्तरेला अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंच्या इमारती. त्या वाळूत प्लॉट विकायचं म्हणजे लॅफर्टीचं तोंड चांगलंच चालत असणार.

आईंचे गुडघे खूप दुखत असतील तर आग्रह करू नकोस. जितकं चढणं अवघड त्याहून उतरणं अवघड, गोल जिन्यात पायरी आतल्या बाजूला निमुळती होते. त्यांना खाली पायांजवळ बसव, खालून ती जास्त मोठी दिसते. आणि खुर्ची गाडीत टाकून ने, बाकांवर सावली मिळेलच असं नाही.

उन्हाळ्यात शनिवारी-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही, आठवड्यातला दिवस धर. घरून पुऱ्या-बटाट्याची भाजी नेणार असशील तर समुद्रपक्ष्यांवर लक्ष ठेव. माझ्या हातातली पुरी गेली.

मधुरा_एडिसन

सगळ्यांचे आभार! बाबांना गोदीवाला काकांचं उत्तर फोनवर वाचून दाखवलं. कथील-जस्ताच्या भागाला "बरोबर, बरोबर" करत होते. मग म्हणाले, "त्या गृहस्थांना विचार, नवीन पत्र्याचे जोड नीट बसवलेत का ते बाहेरून कसं ओळखायचं. मी बघून सांगतो." काका, आता तुम्हीच बोला. आई म्हणते ती खालीच बसेल, पण अंबारीतून तिचा फोटो काढायचा. लेक म्हणते तिला शेपटीखालची खिडकी आधी बघायची आहे. चेरीहिलकर, याचं श्रेय तुम्हाला.

गोदीवाला

सांगा त्यांना. हात पोहोचेल असा जोड गाठायचा. नख आधी वरून खाली ओढायचं, मग त्याच जागी खालून वर. वरचा पत्रा खालच्यावर चढवलेला असला तर खाली येताना नख घसरेल आणि वर जाताना कडेला अडकेल. हा बरोबर, पाणी बाहेरून ओघळून जाईल. उलटं अडकलं तर पाणी आत जायला वाट आहे. दोन्हीकडे घसरलं तर जोड बंद करून वरून सपाट केलाय, मग त्यांनी डोळा तिरका करून उन्हाच्या दिशेने बघावं, सपाटी कुठे मोडते ते सावलीत दिसतं. सकाळी साडेनऊ-दहाचं ऊन बरं, डोक्यावरच्या उन्हात काही कळत नाही.

मी माझं निदान इथे लिहीत नाही. पीडब्ल्यूडीवाल्यांनी आधी तपासणी करून अहवाल द्यावा, मग ताडून बघू. आणि रखवालदाराने हटकलं तर सांगायचं, हत्तिणीला खाजवतोय.